लाल रुमालाचा नवरोज

बुरुलच्या फाटकावर सणाच्या सकाळी रुमाल बांधलेला दिसला की आमच्या गावातले लोक आजही चालता चालता थांबतात. पांढरा असला तर मान हलवून पुढे जातात. लाल असला तर आपल्या वाटणीचं काम आठवतात आणि बाह्या सरसावून तिच्या अंगणात शिरतात. ही पद्धत तिनेच पाडली. ती पाडण्यासाठी तिला आधी स्वतःच्या तोंडाचं कुलूप काढावं लागलं, आणि ते किती गंजलेलं असतं हे ज्यांनी सून म्हणून दिवस काढलेत त्यांनाच ठाऊक.

बुरुल म्हणजे इशेनची बायको. इशेन धाकटा, आणि आमच्याकडे आईबापांचं घर धाकट्याकडे राहतं. त्यामुळे म्हातारी कालीपा एने, घराची चूल आणि चुलीवरचा काळा लोखंडी कझान, सगळं बुरुलच्या पदरात आलं. एने म्हणजे सासू, आणि हा कझान म्हणजे अख्खं मेंढरू मावेल एवढं पातेलं. कालीपा एनेच्या सासूने तो डोंगरापलीकडून घोड्यावर बांधून आणला असं सांगतात, आणि सांगणाऱ्याला कुणी कधी उलट विचारलेलं नाही. नवरोज हा आमचा वसंतातला नव्या वर्षाचा सण, त्याला सगळं कुटुंब त्याच कझानभोवती जमतं. थोरल्या भावाचं घर कितीही मोठं असो, सणाची चूल धाकट्याची.

लग्न होऊन आली तेव्हा बुरुलच्या हातची कणीक बघायला बायका यायच्या. तिने लाटलेली पोळी उजेडात धरली तर पलीकडचं माणूस ओळखू यायचं. शेवया कापायला बसली की सुरी दिसायची नाही, नुसता आवाज ऐकू यायचा. पुढे चाळिशी ओलांडली आणि तेच हात फितूर झाले. सकाळी उठावं तर बोटं मिटलेली, सुजलेली, उघडता उघडेनात. जवळच्या नारीन शहरातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी संधिवात असल्याचं सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

"हा आजार काही तुम्हाला विचारून येणार नाही," त्या म्हणाल्या. "चार दिवस झकास जातील आणि एका सकाळी झग्याचं बटणसुद्धा लावता येणार नाही. मनाची तयारी ठेवा."

बुरुलने गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवल्या आणि बातमी पोटात. इशेनला थोडंफार माहीत होतं, पण तोही बोलायचा नाही. आमच्याकडे सणाच्या तोंडावर आजाराचं नाव काढत नाहीत. नाव घेतलं की तो पत्ता शोधत येतो म्हणतात. त्यात सून असली की बघायलाच नको. सुनेने दाराजवळ बसावं, चहा ओतावा, आणि दुखलंखुपलं तर उशीला सांगावं.

असं पोटात ठेवता ठेवता एका नवरोजला सगळं उलटलं.

त्या सकाळी हात बरे होते म्हणून बुरुलने झपाट्याने कामाला सुरुवात केली. कणीक मळली, कझान चढवला, पाहुणे यायला लागले. आणि पहिली पोळी लाटतानाच बोटांनी संप पुकारला. लाटणं हातातून सुटलं ते थेट पिंपाखाली गेलं. तिने कुणाला सांगितलं नाही. दात खाऊन मनगटांनी लाटू लागली. एक पोळी फाटली, दुसरी चिकटली, तिकडे कझानमधला रस्सा उतू जाऊन अर्धी आग विझली. घरभर बसलेले पाहुणे पाव आणि जर्दाळूचा मुरंबा खात राहिले. मुरंबा संपला तरी मांस येईना. शेवटी इशेन गडबडून उठला, मांस काढलं आणि हाती लागेल तसं वाटत सुटला.

इथे खरी आग लागली. आमच्या पंगतीत हाडाला मान असतो. मेंढराचं कमरेचं हाड घरातल्या थोरल्या पुरुषाला, शेपटाकडचा मांसल भाग थोरल्या बाईला, मांडीचं हाड त्याच्या खालच्याला, अशी उतरंड ठरलेली. इशेनने कमरेचं हाड दिलं शेजारच्या मुकाशला, जो ट्रॅक्टर चालवतो आणि ज्याला त्या दिवशी जाम भूक लागली होती. सख्ख्या थोरल्या भावाच्या ताटात पडलं खांद्याचं हाड, जे पोराटोरांना देतात. थोरल्याने ताट पुढे सरकवलं. मुकाशने मात्र मान खाली घालून हाड चाटूनपुसून साफ केलं.

थोरल्याची बायको सोनुन नारीनच्या बाजारात कापडाचं दुकान चालवते. तिचा आवाज गिऱ्हाइकाला दुकानाबाहेरून ओढून आणणारा. ती उभी राहिली.

"झालं एवढं पुरे झालं! संध्याकाळपर्यंत मुरंबा चाटायचा आणि वर नवऱ्याला खांद्याचं हाड! पुढच्या वर्षीपासून नवरोज आमच्याकडे. आणि हा कझानही मी नेणार. ज्यांना चूल सांभाळता येत नाही त्यांनी भांडं अडवून ठेवू नये."

 बुरुलने सासूकडे पाहिलं. कालीपा एने ऐंशीच्या पुढची. गाडीत बसली की पहिल्या वळणावरच तिचा जीव वरखाली होतो, म्हणून कित्येक वर्षांत तिने वेस ओलांडलेली नव्हती. नवरोज नारीनला गेला तर म्हातारी सणाच्या दिवशी या घरात एकटी बसणार, थंड चुलीसमोर. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. म्हातारी मात्र खिडकीबाहेर बघत होती.

"एजे," बुरुल म्हणाली. एजे म्हणजे थोरली बहीण. थोरल्या जावेलाही आम्ही तसंच म्हणतो. "एक वर्ष द्या मला."

"आणि काय करशील एका वर्षात?"

"मांस वेळेवर वाढीन."

सोनुन हसली. "ठीक आहे. पुढच्या नवरोजला दुपारची बांग व्हायच्या आत माझ्या पुढ्यात मांस आलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आलं तर कझान माझ्या गाडीत."

"कबूल," बुरुल म्हणाली. तिचे दोन्ही हात तेव्हा ओढणीखाली लपवलेले होते.

कबूल म्हणणं सोपं. त्या रात्रीपासून बुरुलला झोप लागेना. हात त्या दिवशी बरे असतील की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं, खुद्द हातांनाही नव्हतं. एकदा दुपारी ती मुरंब्याच्या बरणीचं झाकण दातांनी फिरवायला बघत होती तेव्हा मागून आवाज आला.

"हात गेले ते दिसतंय मला. जीभही गेली का?"

कालीपा एने दारात काठी टेकून उभी होती. बुरुलच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. म्हातारीने बरणी काढून घेतली, झाकण तिलाही उघडेना, तेव्हा ती बरणी खाली ठेवून तिथेच बसली.

"किती दिवस लपवणार होतीस?"

"सणाला अपशकुन नको म्हणून, एने."

"न बोलता जो सण झाला त्यात फार शकुन होता की काय? माझ्या पोराला खांद्याचं हाड मिळालं," म्हातारी म्हणाली. मग बरणी बाजूला सारून हळूच म्हणाली, "मला त्या नारीनला जायचं नाही, पोरी. मला इथेच कझानचा वास घेत मरायचंय."

बुरुलने डोळे पुसले. त्या दिवशी तिच्या मनाने घेतलं की हात बरे राहू दे म्हणून देवाला साकडं घालण्यात अर्थ नाही. हात बिघडणार असं धरूनच सण मांडायचा. बरे राहिले तर आनंद.

आणि तिने ते चक्क बोलून दाखवायला सुरुवात केली. पहिली गेली मुकाशच्या बायकोकडे, तोक्तोकानकडे.

"नवरोजच्या दिवशी मी आजारी पडले तर तू शेवया सोडायच्या."

तोक्तोकानच्या हातातला पेला गळायचा राहिला. "तोंडात धोंडा पडो तुझ्या! सणाआधी असलं बोलतात?"

"धोंडा पडो, पण शेवया सोडशील ना?"

"सोडीन बाई, पण हळू बोल. ऐकेल तो आजार."

"ऐकू दे. त्यालाही कळू दे की घरात सगळं ठरलंय, आला तरी काही बिघडणार नाही."

असं घरोघर झालं. कुणी कानांवर हात ठेवले, कुणी तिला बघताच विषय बदलायचं. पण बुरुलने पाठ सोडली नाही. ज्या ज्या दिवशी बोटं उघडायची त्या दिवशी ती सणाचं काहीतरी काम उरकून ठेवायची. शेवया लाटून, कापून, चादरीवर पसरून खडखडीत वाळवल्या आणि पिशवीत भरल्या. कणकेचे बोरसोक तळून सुकवले. ते महिनाभर टिकतात आणि रश्श्यात बुडवले की पुन्हा जिवंत होतात. पेजेचं धान्य निवडून मोजून ठेवलं. नवरोजची पेज सात जिनसांची, आणि तिची खुबी अशी की एकदा चुलीवर चढली की तिला फक्त ढवळणारा लागतो, सुगरण लागत नाही.

अशा तीन वाटा तिने आखल्या. हात ठणठणीत असले तर ताजी कणीक, पातळ शेवया, सगळा थाट. हात अर्धे चालले तर वाळवलेल्या शेवया आणि ताजं मांस. हात पार मिटले तर बुरुल नुसती बसून तोंड चालवणार आणि बाकीचे हात चालवणार. तिन्ही वाटा सकाळपर्यंत मोकळ्या, आणि तिन्हींच्या शेवटी मांस बांगेच्या आत पंगतीत. लोकांना कळावं म्हणून रुमालाची युक्ती. पांढरा म्हणजे पाहुणे म्हणून या, लाल म्हणजे कामाला या.

इशेन हे सगळं ऐकून डोकं खाजवत होता. "मांस मुकाश कापणार. आणि मुकाशच आजारी पडला तर?"

"तर मुकाशचा भाऊ."

"आणि तोही पडला तर?"

"तर कापायचंच नाही. हाडासकट वाढायचं. दात आहेत ना लोकांना?"

"आणि मी पडलो तर?"

"तुम्ही पडायचं नाही," बुरुल म्हणाली. "हाडं तुम्हालाच वाटायचीत. आणि यंदा मी एकेक पाठ करून घेणार आहे."

घेतलंही. इशेन गोठ्यात दूध काढताना पुटपुटायचा, "कमरेचं थोरल्याला, शेपटाचं एनेला," आणि गाय मान वळवून त्याच्याकडे बघायची.

नवरोजची सकाळ उजाडली. नदीकाठचा बर्फ विरघळायला लागला होता आणि अंगणात चिखल झाला होता. बुरुल जागी झाली, अंथरुणातच तिने बोटं उघडायला पाहिली. उघडली नाहीत. दोन्ही हात मुठी वळून बसले होते.

 तिने इशेनला कोपराने ढोसलं.

"उठा. लाल बांधा."

इशेनने लाल रुमाल फाटकाला बांधला आणि चुलीत लाकडं घातली. अंगणातला चिखल तुडवत तोक्तोकान आली, तिच्यामागे सुरी परजत मुकाश, मग वरच्या आळीच्या दोघी चुलत जावा, कुणी बादली घेऊन, कुणी पळी. बुरुल आतल्या खोलीत भिंतीशी उशी लावून बसली होती, मानाच्या जागी, जिथे ती लग्न झाल्यापासून कधी बसली नव्हती. तिथून सगळी चूल दिसते म्हणून म्हातारीनेच तिला तिथे बसवलं होतं.

"तोक्तो, आच कमी कर. मुकाश, एवढे मोठे तुकडे? लगीनघरी आलायस का?"

"वहिनी, हात मिटलेत म्हणून जीभ मोकळी सुटलीय तुमची," मुकाश म्हणाला. "आणि एक सांगून ठेवतो. यंदा मला ते कमरेचं हाड देऊ नका. वर्षभर बायको तेच काढतेय."

"काढणारच!" तोक्तोकान ढवळता ढवळता ओरडली. "चाटून खाल्लंस रे, चाटून! सगळ्या गावासमोर!"

हसण्याने घर दणाणलं. कझान शांतपणे रटरटत होता. पेज बाजूच्या चुलीवर दाट होत होती. ऊन अजून अंगणाच्या मध्यावरही आलं नव्हतं आणि मांस हाडावरून सुटायला लागलं होतं. बुरुलच्या जन्मात असा सण झाला नव्हता. तिला तोंडातल्या तोंडात हसू येत होतं आणि ते तिने दाबलंही नाही.

तेवढ्यात इशेनचा फोन वाजला. तो बोलला कमी, ऐकलं जास्त, आणि फोन खिशात टाकताना त्याचा चेहरा विचित्र झाला.

"दादाचा होता. त्यांच्या घरात तापाची साथ शिरलीय. सगळेच्या सगळे आडवे आहेत. वहिनीचा ताप तर उतरतच नाही. येत नाहीत ते."

बुरुलने सगळ्या गावाच्या आजारपणाचा विचार केला होता, पण सोनुन आजारी पडेल हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सोनुनला आजार होतो हेच तिला खरं वाटत नव्हतं.

इशेनच्या चेहऱ्यावर आता हळूहळू उजेड पसरला. "म्हणजे सुटलोच की आपण! तीच नाही तर पैज कसली? कझान इथेच."

"त्या काय म्हणाल्या होत्या?" बुरुलने विचारलं.

"काय?"

"'माझ्या पुढ्यात' म्हणाल्या होत्या. बांगेच्या आत माझ्या पुढ्यात मांस. इथे म्हणाल्या नव्हत्या."

"अगं, पण ती आजारी आहे!"

"म्हणूनच. वर्षभर मी घरोघर सांगत फिरले की कुणीही आजारी पडलं तरी सण होणार. आणि त्या पडल्या तर त्यांचा सण नाही? मग मी एवढं सगळं काय फक्त माझ्यासाठी केलं?" बुरुल धडपडत उठली. "आणि थोरल्यांचं हाड अजून आपल्याकडे बाकी आहे. एक वर्ष झालं."

आमच्याकडे पंगतीला न आलेल्याचा वाटा घरी पाठवतात, ते खरं. पण तो पंगत उठल्यावर, पिशवीत बांधून, थंड. पंगत बसायच्या आधी वाटा पाठवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सगळे कालीपा एनेकडे बघायला लागले.

म्हातारीने काठी आपटली. "बघता काय? कझान उचला."

"कझानच?" मुकाश म्हणाला. "डब्यात देऊ की थोडं."

"डब्यातलं गार होतं," बुरुल म्हणाली. "कझान लोकरीच्या नमद्यात गुंडाळला तर नारीनपर्यंत वाफ टिकेल. आजारी माणसाला रस्सा कढतच हवा. पंगतीचं मांस दोन पातेल्यांत काढून ठेवा, त्यांचं कझानमध्येच राहू दे. एने, पंगत तुम्ही सांभाळाल?"

"तू यायच्या आधीपासून सांभाळतेय," म्हातारी म्हणाली. "जा तू."

मुकाश आणि इशेन यांनी कझान उचलला तेव्हा दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या. जाड लोकरीच्या नमद्यात गुंडाळून तो गाडीच्या मागच्या बाजूला चढवला. मुकाश त्याला मिठी मारून बसला. बुरुल पुढे बसली, मिटलेले हात मांडीवर ठेवून. ज्या कझानने सोनुनच्या गाडीत जाऊ नये म्हणून तिने वर्षभर जिवाचं रान केलं, तो ती आपल्या हाताने नाही, पण आपल्या तोंडाने गाडीत चढवून घेऊन निघाली होती. तिला त्याचंही हसू आलं.

"हळू!" प्रत्येक खड्ड्याला मुकाश मागून ओरडत होता. "रस्सा नाकात गेला माझ्या!"

"वेगाने!" बुरुल म्हणत होती. "ऊन बघा कुठवर आलं!"

नदीच्या पुलावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. इशेनने भोंगा वाजवला. मेंढ्यांनी लक्ष दिलं नाही, मेंढपाळानेही नाही. तेव्हा बुरुलने काच खाली करवून घेतली आणि अशी काही आरोळी ठोकली की मेंढ्या, मेंढपाळ आणि इशेन, तिघेही दचकले. वाट मोकळी झाली.

सोनुनच्या घरी पोचले तेव्हा फाटक उघडंच होतं. बुरुलला आत जायचं नव्हतं. संधिवाताच्या गोळ्या चालू असताना साथ लवकर लागते, म्हणून असल्या तापाच्या जवळ जाऊ नये असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तिने कझान ओट्यावर ठेवायला लावला आणि खिडकीच्या काचेवर कोपराने ठोठावलं.

पडदा सरला. आतून सोनुन दिसली. केस विस्कटलेले, नाक लाल, गळ्याभोवती लोकरीची पट्टी. तिने ओट्यावर नमद्यातून वाफाळणारा कझान पाहिला आणि तिचा जबडाच खाली आला.

इशेनने झाकण काढलं. मुकाशने कमरेचं हाड ताटात घेतलं आणि दारातून आत सरकवलं. आतून थोरल्याचा घोगरा आवाज आला.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, दादा," इशेन म्हणाला. "गेल्या वर्षीचं."

 दाराआडून ताट ओढून घेतल्याचा आवाज आला. इशेनने रस्सा आणि मांसाचा वाडगा भरून खिडकीच्या फटीतून सोनुनच्या पुढ्यात सरकवला, आणि तेव्हाच चौकातल्या मशिदीवरून दुपारची बांग सुरू झाली.

सोनुन बांग ऐकत उभी राहिली. तिने वाडग्याकडे पाहिलं, मग काचेपलीकडच्या जावेकडे, मग जावेच्या मिटलेल्या मुठींकडे.

"हात?" ती खोकत म्हणाली.

"आज मिटलेत. सकाळपासून."

"मग हे कुणी केलं?"

"सगळ्यांनी. मी नुसती ओरडत होते."

सोनुनने वाडगा उचलून एक घोट घेतला. तिचे डोळे भरून आले, ते तापाने की रश्श्याने हे तिचं तिलाच माहीत.

"मला चार दिवस अंगात ताप होता," ती म्हणाली. "कुणाला बोलले नाही. तू हरलीस तर कझान आणि पाहुणे इथेच आणावे लागतील म्हणून कणीकही मळून ठेवली होती. ती तशीच आंबतेय आत. सणाच्या तोंडावर कोण बोलणार आजाराचं?"

"मी बोलले, एजे," बुरुल म्हणाली. "गावभर."

"आणि लोक काय म्हणाले?"

"तोंडात धोंडा पडो म्हणाले. आणि मग कामाला आले."

सोनुन हसायला गेली आणि तिला एवढा खोकला आला की काचेवर वाफ धरली. बुरुलला ती दिसेनाशी झाली. आतून नुसता तिचा बाजारातला आवाज आला, बसलेला असला तरी तोच.

"जा आता घरी, पाहुणे टाकून आलीस! आणि कझान राहू दे इथे. अजून पुष्कळ रस्सा आहे त्यात. पाठवीन मी."

परतीच्या वाटेवर इशेन काळजीत पडला. "पाठवेल ना गं?"

 बुरुलने गाडीची काच पुन्हा उघडायला लावली आणि ओल्या मातीचा वास छातीभर घेतला.

घरी पंगत रंगात आली होती. पाहुणे पेज पिऊन, बोरसोक खाऊन मांसावर आले होते. हाडं म्हातारीने जातीने वाटली होती आणि एकही चुकलं नव्हतं. बुरुल सवयीने दाराजवळ, चहाचं पाणी तापवायच्या समोवाराशी बसायला गेली. तिथे जागा नव्हती. तिथे कालीपा एने बसली होती, किटली हातात घेऊन, सुनेच्या जागेवर, आणि सगळ्यांना चहा ओतत होती. तिच्या वयाच्या बाईला गावाने कधी चहा ओतताना पाहिलं नव्हतं. एक थेंब सांडत नव्हता.

"वर जाऊन बस," म्हातारीने भिंतीकडची मानाची जागा दाखवली. "तुझं ताट झाकून ठेवलंय."

ताटावरचं फडकं तोक्तोकानने काढलं. शेपटाकडचा मांसल भाग होता, घरातल्या थोरल्या बाईचा.

"एने, हे तर तुमचं!"

"मला दात कुठे आहेत," म्हातारी म्हणाली आणि पुढच्या पेल्यात चहा ओतला. तोक्तोकानने बुरुलला घास भरवला. सगळे बघत होते आणि बुरुलने मान खाली घातली नाही.

कझान आठवड्याने आला. थोरल्याने स्वतः गाडीतून आणला. चेहरा उतरलेला, पण अंगात ताप नव्हता. त्या दिवशी बुरुलची बोटं उघडली होती. आमच्याकडे भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, म्हणून तिला वाटलं आत साखर किंवा मिठाई असेल. तिने झाकण आपल्या हाताने उचललं.

कझान काठोकाठ धान्याने भरला होता. गहू, बाजरी, जव, मका, तांदूळ, वाटाणे, सोललेले ओट. सात जिनसा, सात पिशव्यांत, पुढच्या नवरोजच्या पेजेच्या. सासू काठी टेकून आली, वाकून तिने गव्हाच्या पिशवीत हात घातला, आणि हात तसाच ठेवून उभी राहिली.

संध्याकाळी सोनुनचा फोन आला. आवाज पूर्ण परतला होता.

"धान्य मिळालं ना? निवडलेलं आहे, पुन्हा निवडू नकोस. हात जप. आणि ऐक, तो लाल रुमाल तू कुठून आणलास?"

"का हो, एजे? तुमचंच तर कापडाचं दुकान."

"माझ्या दुकानात सगळे पांढरेच आहेत गं," सोनुन म्हणाली. "इतकी वर्षं लाल कुणी मागितलाच नाही. एक पाठव. माझ्याही फाटकाला असू दे."